चार ओळींखालचं माझं नाव

रेखा,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला चार शब्द बोलायला उभं केलं. बोललो मी. सातपूरच्या कामगार वसाहतीतली मुलगी, वडील कारखान्यात, घरात कॉम्प्युटर नाही, आणि तीच मुलगी पुढे लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे जगभरच्या कॉम्प्युटरांच्या पोटात जो मूळ प्रोग्राम चालतो त्यात, बदल लिहायला लागली. लोकांनी माना हलवल्या. तुझ्या मामींनी पदराने डोळे पुसले. तू असतीस तर मागच्या खुर्चीत बसून तोंडावर ओढणी धरून हसली असतीस आणि बाहेर आल्यावर म्हणाली असतीस, "अव्या, किती फेकतोस रे!"

फेकलं नव्हतं. सगळं खरंच होतं. फक्त जे सांगायला मला तिथे उभं राहायला हवं होतं, ते सोडून बाकी सगळं सांगितलं आणि चहा पिऊन घरी आलो. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. म्हणून हे लिहितोय, आणि तुलाच लिहितोय, कारण हे पहिल्यांदा ऐकण्याचा हक्क तुझा होता.

ऑफिसात तुझं टेबल अजून तसंच आहे. पाच माणसांचं ऑफिस, खालच्या वर्कशॉपमधला प्रेस दणका देतो की सगळ्यांचे मॉनिटर हलतात, त्यात तुझा बंद मॉनिटरही हलतो. डब्यातली भाकरी खाताना कीबोर्डला हात लागू नये म्हणून तू डाव्या बाजूला एक पंचा ठेवायचीस, तो खुर्चीच्या पाठीवर आहे. कोणी उचलत नाही. मीही नाही. काल एका नव्या मुलीला तिथे बसवायचं ठरत होतं तर मी इतक्या जोरात ओरडलो की ती पाणी प्यायला गेली ती अर्धा तास आलीच नाही. नंतर मला लाज वाटली.

तुला आठवतं, माझा पहिला पॅच? पॅच म्हणजे काय ते मी घरी आईला समजावताना "ठिगळ" म्हणालो होतो आणि तू आठवडाभर मला "ठिगळवाले" म्हणत होतीस. मेंटेनरने, म्हणजे कर्नलच्या त्या भागाची राखण करणाऱ्या माणसाने, तो तीनदा परत पाठवला होता. तिसऱ्यांदा मी वैतागून म्हणालो, "मरू दे, नाही करायचं मला." तू माझी खुर्ची तुझ्या टेबलाकडे ओढलीस, त्याचं पत्र ओळीओळीने वाचून दाखवलंस आणि म्हणालीस, "हा तुला शिव्या देत नाहीये, शिकवतोय. फुकट शिकवतोय, शीक ना." चौथ्यांदा तो घेतला गेला. आज मला जे काही येतं, त्यातलं निम्मं त्या खुर्ची ओढण्याने आलं. हे मी तुला कधी म्हटलं नाही. आपल्यात असलं बोलायची पद्धतच नव्हती. टोमणे मारायची होती.

आणि तुझा पहिला पॅच घेतला गेला त्या संध्याकाळी मी तुझ्या घरी होतो. अण्णा नुकतेच सेकंड शिफ्टमधून कायमचे सुटले होते, रिटायर होऊन महिना झाला असेल. तू त्यांना स्क्रीनवर दाखवलंस. त्यांना इंग्रजी येत नाही, पण तुझं नाव त्यांना ओळखता येतं. तुझ्या मार्कशीटवर पाहून पाठ झालंय. त्यांनी त्या नावाखालून बोट फिरवलं आणि विचारलं, "ही सही हाय का तुझी?" तू म्हणालीस, "सहीच आहे अण्णा. ज्यानं लिहिलं त्यानं इथे नाव टाकायचं. म्हणजे मी लिहिलंय, जबाबदारी माझी."

"आन हा खालचा कोण?"

"हा अविनाश. हा काय, इथंच बसलाय. त्यानं तपासलं, म्हणून त्याचं नाव खाली."

अण्णांनी माझ्याकडे नीट पाहिलं. तीस वर्षं कारखान्यात काढलेला माणूस, शेवटची दहा तर इन्स्पेक्शनला. गेज लावून जॉब, म्हणजे तयार झालेला भाग, मोजायचा आणि मगच जॉबकार्डावर सही करायची. ते म्हणाले, "मंग ठीक हाय. तपासणाऱ्याची सही असली की काळजी नाय." आणि मला त्यांनी स्वतःच्या हाताने चहा करून दिला.

आपलं ते भांडण अर्धवटच राहिलं. मी म्हणायचो, "अगं छोटासा पॅच आहे, चार ओळींचा, त्यात काय एवढं?" आणि तू चिडायचीस. "छोटा फक्त वाचायला असतो. चालताना कुठं कुठं जातो ते तुला माहितीये का?" मी तुला मुद्दाम डिवचायला प्रत्येक पॅचला छोटासा म्हणायचो. शेवटच्या पॅचलाही म्हटलं. तू नेहमीसारखी भांडली नाहीस. म्हणालीस, "म्हणूनच तर तुझ्याकडे देतेय. मी खऱ्या मशीनवर चालवलाय. व्हर्च्युअलचं तू बघ. नीट बघ, हां."

आता तो पॅच काय होता, ते हे दुसऱ्या कोणी वाचलं तर कळावं म्हणून तुझ्याच शब्दांत सांगतो. प्रोसेसरला काम नसलं की तो झोपतो. पण लगेच झोपत नाही, क्षणभर जागा राहून वाट बघतो, न जाणो काम आलं तर. काही खऱ्या मशीनवर हे वाट बघणं फुकट जात होतं, नुसती वीज जळत होती. तू चार ओळींत ते काढून टाकलंस. पण व्हर्च्युअल मशीन म्हणजे मोठ्या कॉम्प्युटरच्या आत थाटलेला दुसरा कॉम्प्युटर, त्याला आपण गेस्ट म्हणतो. तू म्हणायचीस, गेस्ट हा भाडेकरू आहे आणि त्याला विचित्र मालक मिळालाय: झोपायचं तर किल्ली मालकाकडे द्यायची, उठलं की परत मागून आणायची. असा भाडेकरू क्षणोक्षणी झोपायला लागला तर त्याचा सगळा दिवस किल्लीच्या मागे जाणार. म्हणून गेस्टमध्ये तपासणं गरजेचं होतं. तुला ते माहीत होतं. म्हणून तर मला सांगितलंस.

त्या शनिवारी पिंपळगावला माझ्या मामेबहिणीचा साखरपुडा होता. सकाळी मी ऑफिसच्या सर्व्हरवर नवीन कर्नल टाकला, गेस्ट सुरू केला, चाचणी लावली आणि निघालो. चार तासांची चाचणी. दुपारी मंगल कार्यालयात जेवणाच्या रांगेत हातात ताट घेऊन फोनवर आकडे पाहिले. एकदम छान आकडे. कुठे काही घसरलं नव्हतं. तिथेच एका हाताने टाइप करून कर्नलवाल्यांच्या ईमेलच्या यादीवर पत्र टाकलं आणि तुझ्या चार ओळींखाली माझं नाव लावलं: टेस्टेड-बाय, म्हणजे मी तपासलंय. मग जिलबी घेतली.

मंगळवारी दुसरंच काहीतरी शोधताना त्या चाचणीचा लॉग, म्हणजे मशीनने ठेवलेली तिची नोंद, उघडला. लॉगच्या पहिल्याच ओळीत कुठला कर्नल चालू आहे ते लिहिलेलं असतं. तिथे जुना आकडा होता. मी नवीन कर्नल सर्व्हरवर टाकला होता, पण गेस्ट कुठला कर्नल उचलतो ती एक ओळ बदलायची राहून गेली होती. गेस्ट बिचारा आपला जुनाच कर्नल घेऊन चार तास धावला. आकडे छान येणारच होते. तुझा पॅच त्यात नव्हताच.

तू हे वाचताना कपाळाला हात लावला असतास आणि हसलीही असतीस. आपल्या धंद्यात हे सगळ्यांच्या हातून एकदा तरी होतं. तुझ्याही हातून झालं होतं, तूच सांगितलं होतंस. चूक झाली यात काही नाही रेखा. मी एका ओळीचं पत्र टाकलं असतं, "माझी चाचणी धरू नका, परत करतो," तर मेंटेनर थांबला असता, तू मला दोन दिवस पिडलं असतंस आणि तिसऱ्या दिवशी विषय संपला असता. पण तोवर त्याने पॅच घेतला होता, आभार मानले होते, आणि मला लाज वाटली. मी म्हटलं गुरुवारी गुपचूप परत चालवून बघू. गुरुवारी सर्व्हरवर दुसऱ्याचं काम होतं. मग म्हटलं, रेखाने लिहिलंय, चुकणार नाही. विसरलो असं म्हणायचीही सोय नाही, कारण मी विसरलो नव्हतो. तुला टपरीवर भेटलो की दरवेळी आठवायचं.

मग काही आठवड्यांनी तो सोमवार. कुठल्या तरी लांबच्या देशातल्या माणसाचं पत्र आलं. नवीन कर्नल घेतल्यापासून त्याची व्हर्च्युअल मशीनं रखडतात, एकेक पॅच मागे घेत त्याने शोधत आणलं, आणि बोट तुझ्या चार ओळींवर ठेवलं. सभ्य माणूस होता, वाईट काही बोलला नाही. मंगळवारी तुला ताप आला. तू घरूनच काम करते म्हणालीस.

बुधवारी सकाळी तुझा फोन आला. आवाज बसला होता. "अव्या, गेस्टमध्ये चालवलं होतंस ना?"

"हो."

"नवीनच कर्नल होता ना गेस्टमध्ये? आठवून सांग."

मी म्हणालो, "हो गं. नवीनच."

हे शब्द मी आता दिवसातून कितीदा ऐकतो ते तुला सांगून उपयोग नाही. तू लगेच विश्वास ठेवलास. "मग तुझ्या मशीनमध्ये आणि त्याच्या मशीनमध्ये काहीतरी फरक असणार," म्हणालीस. "तो सापडला की झालं." आणि गुरुवारी तू यादीवर लिहिलंस: चूक माझी आहे, कारण शोधते आहे, सापडलं की सुधारून पाठवते. माझं नाव कुठे नाही. माझी चाचणी चुकीची असू शकेल, असं अर्ध्या शब्दानेही नाही. मी ते पत्र वाचलं आणि लॅपटॉप मिटून टाकला.

तू तापात फरक शोधत बसलीस. प्रोसेसर वेगळा का, मशीनच्या आतलं वेळ मोजणारं घड्याळ वेगळं का. अण्णा म्हणत होते रक्त तपासून घे, तू म्हणालीस, "उद्या जाऊ, एवढं होऊ दे." शुक्रवारी दुपारी त्यांनी तुला शेजाऱ्यांच्या रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डेंग्यू. प्लेटलेट फार खाली. दोन दिवस आधी आणलं असतं तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. मला "काही फरक पडला नसता" हे ऐकायचं होतं. त्यांनी ते म्हटलं नाही.

शनिवारी मी आलो होतो. हाताला सलाईन, ओठ सुकलेले. मला पाहून तू पहिलं काय विचारलंस? "अव्या, तुझ्या गेस्टमध्ये घड्याळ कुठलं होतं रे?" खोलीत आपण दोघंच होतो. अण्णा औषधं आणायला खाली गेले होते. एक वाक्य बोलायचं होतं. तू चिडली असतीस, "गाढवा" म्हणाली असतीस, डोळे मिटून गप पडली असतीस. निदान ते शोधणं तरी थांबलं असतं. मी म्हणालो, "झोप आता. नंतर बोलू."

रविवारी सकाळी तू गेलीस.

शनिवारीच मेंटेनरने तुझा पॅच मागे घेतला होता. त्याचा तसा नियमच आहे, चालत असलेलं काही मोडलं की आधी मागे घ्यायचं, चर्चा नंतर. तू ते पाहिलं नाहीस, बरं झालं. आता कर्नलच्या इतिहासात दोन नोंदी आहेत. एक तुझा पॅच, एक तो मागे घेतल्याची. तिथलं काही पुसता येत नाही. कोणी शोधलं तर दिसेल की अमुक रेखाने चूक केली. अविनाशने तपासलं होतं, हेही दिसेल, पण त्यातून कोणाला काय कळणार? उलट वाटेल, बिचाऱ्याने तर तपासलं होतं.

तू गेल्यावर पाचव्या दिवशी मी ती चाचणी केली. गेस्टमधली ती एक ओळ बदलली, लॉगची पहिली ओळ तीनदा वाचली आणि चार तास खुर्चीतून उठलो नाही. पहिल्या दहा मिनिटांतच आकडे कोसळले. दहा मिनिटं, रेखा. यादीवर सगळं लिहून पाठवलं, माझ्या खोट्यासकट. एकाच माणसाचं उत्तर आलं, कळवल्याबद्दल आभार. मग लोक पुढच्या कामाला लागले. मी काही शिक्षेची वाट बघत होतो की काय कोण जाणे.

काल अण्णांचा फोन आला. "ये रं जरा. तिची वही हाय. त्यात सगळं विंग्रजी हाय, तुला कळंल."

तुझ्या खोलीत पलंगावर चादर घडी करून ठेवली होती. अण्णांनी मला ती शाळकरी वही दिली. पानाच्या डाव्या बाजूला माझं मशीन, उजव्या बाजूला त्या माणसाचं. एकेक गोष्ट लिहून, तपासून, काट मारलेली. सात पानं. मंगळवार, बुधवारपर्यंत अक्षर तुझंच, पुढे पुढे ओळ सोडून खाली उतरत गेलेलं. शेवटच्या पानावर एकच ओळ होती आणि ती मराठीत होती. अण्णांनी तिच्यावर बोट ठेवलं. तुझ्या नावाखालून फिरवलं होतं तसंच.

"हे मला वाचाय आलं," ते म्हणाले. "अव्याकडे बरोबर येतं. का?" मग वर पाहून त्यांनी तेच मला विचारलं. "का येत व्हतं रं?"

"मी तपासलंच नव्हतं अण्णा."

त्यांना कळायला वेळ लागला. मी परत सांगितलं, जितकं सोपं करता येईल तितकं. नवा जॉब बाजूला राहिला, मी जुनाच मोजला, आणि सही नव्यावर केली.

"न मोजता सही केलीस?"

"हो."

"आन तिनं इचारलं न्हाय तुला?"

"विचारलं. दोनदा. मी खोटं बोललो."

शेजारच्या घरात कोणीतरी भाकरी थापत होतं. मला वाटलं ते मला हाकलतील, मारतील, काहीतरी करतील. मी तयार होतो. त्यांनी टेबलावरचं तुझं पेन उचललं, टोपण काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"आता मोजलंस?"

"मोजलं."

"मंग लिही हितं. तिनं इचारलंय, तिच्या खाली लिही. आन सही कर."

तुझ्या ओळीखाली मी लिहिलं: "कारण मी जुन्या कर्नलवर चाचणी केली. पॅच गेस्टमध्ये गेलाच नव्हता. मला हे माहीत होतं आणि तू विचारलंस तेव्हा मी सांगितलं नाही." खाली सही केली. सही माझी वाटत नाही.

"वाच मोठ्यानं," अण्णा म्हणाले.

मी वाचलं. त्यांनी ऐकलं, वही माझ्या हातून घेतली आणि कपाटात तुझ्या मार्कशीटच्या फायलीखाली ठेवून दिली. मला दारापर्यंत सोडायला ते आले. चपला घालताना मी म्हणालो, "येतो अण्णा." ते म्हणाले, "नको येऊस."